चिंधी बांधलेली झाडं

तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झाले तेव्हा मथुरेने माळ्यावरचं भुईमुगाचं बी खाली काढायला सांगितलं. एरवी ती स्वतः शिडी चढत असे. पण मागच्या वर्षी, नेमकी भुईमुगाला फुलं येण्याच्या दिवसांत, विहिरीच्या कठड्यापाशी तिचा पाय सरला आणि खुबा मोडला. आत सळी घालावी लागली. तीन महिने खाटेवर गेले. आता काठी टेकत ती घरभर फिरायची, पण उकिडवं बसणं कायमचं गेलं होतं. जमिनीशी जायचं तर उजवा पाय लांब सोडून धप्पकन बसायचं, आणि उठताना कुणीतरी बगलेत हात घालायचा. बासष्ट वर्षं झाली तरी जिने कुणाकडे साधा पाण्याचा तांब्या मागितला नव्हता, तिला हे फार जड जाई.

सून दिव्या शिडीवर चढली. ती दोडामार्गकडची, काजू आणि केळीच्या बागेत वाढलेली. भुईमूग तिने खाल्ला होता, पेरलेला पाहिला नव्हता. ती वरूनच म्हणाली, "आये, हय दोन आसत. एक मडकां, एक पोतां. खंयचां काढू?"

"दोनय काढ."

पोतं नवं होतं. त्यातल्या शेंगा लांब, टपोऱ्या, काही तीन दाण्यांच्या. मडकं जुनं, तोंडाला फडकं बांधलेलं, आत राखेत मिसळलेल्या मध्यम शेंगा. मथुरेने पोत्यातली एक शेंग हातात घेऊन बराच वेळ फिरवली. मग पडवीत बसून सुंभ वळणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"ह्यां पोतां कोणी भरलां?"

दाजी हसला. सत्तरीचा माणूस, पण खांदे अजून जोताचे. तो म्हणाला, "मियां. तू खाटेर होतंस. ढिगातल्यो मोठ्यो मोठ्यो शेंगो एकेक वेचून काढलंय. वाडीत कोणाकडे असलां बी नाय."

"चिंधी बांधलेली झाडां खंय गेली?"

"चिंधी बांधूक तू होतंस खंय?"

मथुरेने ती शेंग मुठीतच धरून ठेवली.

वाडीत सगळीकडे हीच रीत होती. भुईमूग उपटायचा, शेंगा तोडून खळ्यात ढीग घालायचा आणि ढिगाभोवती बसून मोठ्या मोठ्या शेंगा बियाला बाजूला काढायच्या. मोठ्या शेंगेचं बी मोठं, मोठ्या बियाचं पीक मोठं, असं सगळ्यांना वाटे. मथुरेलाही लग्नानंतर बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण तेव्हा ती दुसऱ्यांच्या मळ्यांत तण काढायला, बेणायला जात असे, आणि बेणताना माणसाचे डोळे झाडाच्या बुंध्याशी असतात. तिच्या हळूहळू लक्षात आलं की ज्या झाडाखाली चारच शेंगा धरतात त्याच्या शेंगा फुगतात. ज्याच्याखाली तीस लागतात त्याच्या मध्यम राहतात. ढिगात गेल्यावर कुठली शेंग कुठल्या झाडाची ते कळत नाही. मोठी वेचायला जावं तर माणूस कमी धरणाऱ्या झाडाचंच बी वेचतो, आणि वर्षानुवर्षं तेच पेरतो.

मग तिने आपली रीत धरली. उभ्या पिकात, फुलं आली की, जे झाड सगळ्यांच्या आधी आणि अगदी बुंध्याशी फुलेल त्याला जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधायची. काढणीला ती झाडं वेगळी उपटायची, शेतावरच्या मांगरात छपराखाली उलटी टांगून वाळवायची आणि बी राखेत ठेवायचं. कुणी तिला शिकवलं नव्हतं. पंचवीस वर्षांत वाडीतली नऊ घरं तिच्याकडून बी न्यायला लागली. काय बघून चिंधी बांधते ते मात्र कुणी विचारलं नाही. बी चांगलं आहे एवढं त्यांना पुरे होतं. मागच्या वर्षी ती खाटेवर असताना त्या नऊ घरांनी दाजीच्या ढिगातलंच बी नेलं होतं. म्हणजे आता चिंधीच्या झाडांचं बी उरलं होतं ते या एका मडक्यात, तेही दोन वर्षांचं. यंदा पेरलं नाही तर पुढच्या वर्षी ते रुजणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दाजीला म्हणाली, "अर्धो कुणगो माझो. उभो वाटून. वरची ओल, खालची ओल, दोघांका सारखी येवक व्हयी."

"दोन वर्साचां बी खंय रुजता? चिमण्यांका घाल तां."

पण त्याने कुणगा, भात कापून रिकामा झालेला तो शेताचा तुकडा, उभा वाटून दिला. मधून नांगराच्या फाळाने रेघ ओढली.

कुणगा सड्याच्या पायथ्याशी होता. वर जांभ्या दगडाचा उघडा, सपाट सडा, पिवळं पडलेलं गवत, कुठेतरी एखादं कुंभ्याचं झाड. खाली माडांची रांग आणि तिच्यापलीकडे समुद्र. भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावरच इथला भुईमूग होतो. वरून पाणी नाही. विहीर होती, पण ती घराला आणि चार वाफ्यांना पुरे एवढीच. यंदा दसऱ्यानंतर पावसाची एकही सर आली नव्हती. पेरताना मथुरेने काठी जमिनीत दाबून वर काढली आणि ओल कुठून लागते ते बघितलं. एरवी या दिवसांत काठीचं टोक टेकलं की ओलं होई. यंदा वर दोन बोटं कोरडी होती.

दाजीचं बी सहाव्या दिवशी उगवलं, एकसारखं, ओळीने. मथुरेच्या बाजूला दोन दाण्यांतला एकच रुजला. कुठे चार झाडं जवळजवळ, कुठे हातभर जागा मोकळी. दाजी बांधावर उभा राहून बघत होता. सकाळची वेळ होती, रापणीची जाळी ओढून परतणारी माणसंही थांबली होती. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "तुझो कुणगो म्हातारेच्या तोंडासारखो दिसता गो. दात हय एक, थंय एक."

"आसत तितके चावतत," मथुरा म्हणाली.

माणसं हसली. पण घरी आल्यावर ती दिव्याला म्हणाली की बी दोन वर्षं ठेवण्यात चूक तिचीच. मागच्या पेरणीला मडक्यातलं जुनं बी पेरून त्यात ताजं भरून ठेवायला हवं होतं, ते तिने आळसाने केलं नव्हतं.

तिला उकिडवं बसून बेणता येत नव्हतं. मग तिने खताची रिकामी गोणी चौघडी करून खाली घेतली आणि दोन्ही हातांवर जोर देत ओळीतून सरकायला लागली. सरकताना चांगला पाय दुमडायचा, मोडलेला तसाच पुढे ढकलायचा. तळहाताला खडे लागत. पहिल्या दिवशी शेजारची सीता बांधावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, होडी लोटतत तशी चललंस गो." मथुरेने वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही ती सरकत होती, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी सीतेने घरून जाडसर गोणपाट आणून दिलं आणि काही न बोलता गेली.

जमिनीशी बसल्यामुळे एक झालं. पूर्वी उकिडवं बसून ती बुंध्याकडे वरून बघे. आता बुंधा अगदी तिच्या डोळ्यांसमोर आला.

सव्विसाव्या दिवशी तिच्या बाजूला पहिलं पिवळं फूल दिसलं, अगदी मातीला टेकल्यासारखं. दोन दिवसांत तिच्या निम्म्या झाडांना फुलं आली. दाजीची बाजू हिरवीगार, गुडघ्यापर्यंत वाढत चाललेली, पण तिच्यात फूल नव्हतं. तिने दिव्याला जुनं लुगडं फाडायला लावलं आणि चिंध्या देऊन सांगितलं की त्या टोकाकडून तू बांधत ये, मी या टोकाकडून येते.

दुपारी दोघी मध्यावर भेटल्या. मथुरेने दिव्याच्या ओळी बघितल्या आणि एकेक चिंधी सोडायला लागली. दिव्याने सगळ्यांत हिरव्या, पानांनी भरलेल्या झाडांना चिंध्या बांधल्या होत्या.

"आये, ही तर बरी झाडां," दिव्या म्हणाली.

"पानां खावची आसत काय तुका?"

दिव्याचा चेहरा पडला. तेव्हा मथुरेने तिला हाताला धरून शेजारी मातीत बसवलं आणि एका झाडाची पानं बाजूला केली. फूल कोमेजलं की त्याच्या जागी हिरवी सुई निघते, तिला आरी म्हणतात. आरी खाली वळते, जमिनीत घुसते आणि आत गेली की तिच्या टोकाला शेंग धरते. फूल बुंध्याशी असेल तर आरीला दोन बोटं जायचं असतं. फूल वर शेंड्याकडे असेल तर तिला वीतभर जायचं असतं, आणि ती पोचेपर्यंत ओल गेलेली असते, जमीन वरून तापून खापरीसारखी झालेली असते. मथुरेने हे सगळं बोटाने दाखवत सांगितलं.

"ओल जावच्या आधी आरी आत गेली तर शेंग," ती म्हणाली. "नायतर ती सुई तशीच लोंबत रवता आणि काळी पडता. म्हणान पयलां फूल बघूचां, खालचां फूल बघूचां. उंची कोणय बघता."

दिव्याने सगळ्या चिंध्या पुन्हा बांधल्या. या वेळी तिने प्रत्येक झाडाचा बुंधा वाकून बघितला.

त्या रविवारी मुलगा अजय आला. तो गोव्यात एका हॉटेलात कामाला होता, पंधरा दिवसांनी यायचा. त्याने कलिंगडाची बोलणी करून ठेवली होती. रोपं मिळणार होती, विहिरीच्या थोड्या पाण्यात भागावं म्हणून ठिबकची नळी बसणार होती, चैत्रात रस्त्याकडेला माल उचलला जाणार होता. त्याला अर्धा कुणगा हवा होता, आणि रोपं संक्रांतीला लागायला हवी होती. जेवताना दाजी म्हणाला की अर्धा कुणगा आहेच की, तुझ्या आईची बाजू तशीही रिकामीच आहे.

अजयने आईकडे पाहिलं. तिने भात कालवणं थांबवलं नाही.

"संक्रांतीक किती दिवस आसत?" तिने विचारलं.

"अठरा," दिव्या म्हणाली.

"मगे अठराव्या दिसा बघू. दोनय बाजूची धा धा झाडां उपटूया. डोळे झाकून, खंयचीय. जेच्या आऱ्यो जमनीत जास्ती, तेचो कुणगो रवतलो. दुसऱ्यार टिलर घाला."

"माझ्यार?" दाजीने विचारलं.

"कमी आसल्यो तर तुमच्यार."

दाजी ताटावरून मान वर करून हसला. मुलगा आणि सून समोर होती. तो म्हणाला, "बरां. चल."

मथुरेने ताट धुवायला दिलं आणि काठी घेऊन अंगणात गेली. तिला ठाऊक होतं की हरली तर मडकं रिकामंच राहणार. पण हरेन असं तिला वाटत नव्हतं. अठरा दिवसांत जमीन किती तापेल ते तिने सकाळीच काठीने बघितलं होतं.

मधल्या आठवड्यात कृषी सहाय्यक तन्वी स्कूटर घेऊन आली. मूळची पिंगुळीची मुलगी, नुकतीच या भागात बदली झालेली. कोरडवाहू भुईमुगाच्या पाहणीचा छापील तक्ता तिच्याकडे होता. तिने पट्टीने दाजीच्या झाडांची उंची मोजली, फांद्या मोजल्या आणि कौतुकाने म्हणाली, "काका, पीक एक नंबर आहे तुमचं. अशी वाढ मी या पट्ट्यात दुसरीकडे बघितली नाही." दाजीने खांद्यावरचा चौकड्यांचा पंचा सारखा केला. मथुरेच्या बाजूला तिने तक्त्यावर 'विरळ' असं लिहिलं.

मथुरा ओळीत बसलेली होती. तिने विचारलं, "बाय, त्या कागदार काय काय आसा?"

तन्वीने वाचून दाखवलं. उंची, फांद्या, पानं, झाडांची संख्या. शेंगा काढणीच्या वेळी मोजायच्या.

"आऱ्यो जमनीत किती, तां खंय आसा?"

"तसा रकाना नाहीये, काकी."

"मगे संक्रांतीक ये. तो रकानो तूच घाल."

तन्वी हसली, पण येईन म्हणाली.

दाजीच्या झाडांना फुलं आली तेव्हा मथुरेच्या झाडांच्या आऱ्या जमिनीत गेलेल्या होत्या. तिने दिव्याला ताकीद दिली की आता माझ्या बाजूला कोयती, खुरपं काही लावायचं नाही, पायही टाकायचा नाही, गवत वाढलं तर वाढू दे. मतलई वारं सुरू झालं होतं. पहाटे ते सड्यावरून खाली उतरायचं, कोरडं, आणि कुणग्याचा वरचा थर सुकवून समुद्राकडे जायचं. काठीला आता चार बोटं कोरडी लागत होती.

दाजीलाही काळजी लागली असावी. एका सकाळी तो रापणीवाल्यांकडून डिझेलचा रिकामा ड्रम मागून घेऊन आला. आऱ्या सुटल्या की रिकामा ड्रम पिकावरून फिरवतात, म्हणजे फांद्या दबतात आणि आऱ्या मातीला टेकतात. दाजीने ड्रमला दोरी बांधली आणि एकट्यानेच ओढत आपल्या बाजूवरून फिरवला. घामाने पाठ भिजली. ड्रम पोकळ आवाज करत होता, तो ऐकून खालच्या वाडीतली माणसं वर बघत होती. हिरवी झाडं आडवी झाली आणि हळूहळू पुन्हा उठली.

टोकाला आल्यावर त्याने बायकोला विचारलं, "तुझ्याकडसून फिरवू?"

"नको. माझ्यो गेल्यो आत."

"दोन फेरे मारतंय. काय जाता?"

"तुमच्याकडे आठ दिस आधी फिरवूक व्हयो होतो," ती म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता, म्हणून तो त्याला जास्त लागला. त्याने दोरी सोडली, वाकून मातीवर नख ओढलं. नखाची रेघ उठली नाही. ड्रम तसाच कुणग्यात ठेवून तो घरी गेला.

त्याच दुपारी, तो मालवणच्या बाजाराला गेला असताना, मथुरा गोणपाट घेऊन मधली रेघ ओलांडून त्याच्या बाजूला गेली. दिव्याने विचारलं की इथे काय शोधता. मथुरा म्हणाली की ढिगातलं बी असलं तरी त्या बियाची आई म्हणजे आपलीच चिंधीची झाडं, सगळीच काही बिघडली नसतील. संध्याकाळपर्यंत ती त्या हिरव्या रानात एकेक बुंधा चाचपत सरकली. तिला अकरा झाडं मिळाली, लवकर फुललेली, खाली आऱ्या सोडलेली. त्यांना तिने चिंध्या बांधल्या, पण पानांखाली, वरून दिसणार नाहीत अशा. उठताना तिला दिव्याचा हात पुरला नाही. सीतेला हाक मारावी लागली.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी बांधावर सगळे जमले. अजय सुटी घेऊन आला होता. टिलरवाला शेजारच्या वाडीतून टिलर घेऊन आला होता आणि तो बंद करून त्यावर बसून तंबाखू मळत होता. तन्वी पट्टी आणि तक्ता घेऊन आली. झाडं कुणी उपटायची यावर दाजी म्हणाला की टिलरवाल्याने उपटावी, त्याला कुणाचं काही नाही.

टिलरवाल्याने डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर ओढला आणि दाजीच्या बाजूची दहा झाडं उपटली. पानं हातात भरून येत होती. मुळाशी लाल ढेकळं आली. मग मथुरेच्या बाजूची दहा. ती बुटकी, उपटताना जड लागली. एकदा त्याला दोन्ही हात लावावे लागले.

तन्वी बांधावर बसली. पहिल्यांदा तिने उंची लिहिली, कारण तक्त्यात तो रकाना आधी होता. मग ती एकेक झाड उलटं धरून आऱ्या मोजायला लागली. मोजताना ती पुटपुटत होती, आणि थोड्या वेळाने सगळ्यांच्या लक्षात आलं की ती मालवणीत मोजते आहे. दाजीच्या पहिल्या झाडाला चव्वेचाळीस आऱ्या होत्या. दाजीने अजयकडे बघितलं. पण तन्वीने झाड फिरवलं तेव्हा त्यातल्या पस्तीस हवेतच होत्या, टोकं काळी, सुकून वाकडी झालेली. नऊ मातीतल्या. त्यांना हरभऱ्याएवढ्या गाठी धरल्या होत्या.

मथुरेच्या पहिल्या झाडाला आऱ्याच अठ्ठावीस. त्यातल्या तेवीस आत गेलेल्या आणि शेंगांचा आकार घेतलेल्या.

अशी दोन्हीकडची दहा दहा झाडं मोजून झाली. तन्वीने तक्त्याच्या कडेला हाताने एक नवी रेघ ओढली आणि वर लिहिलं: 'जमिनीत गेलेल्या आऱ्या'. दाजीच्या दहा झाडांच्या अठ्ठ्याऐंशी. मथुरेच्या दोनशे चौदा.

दाजीने घसा साफ केला. "पण तिची झाडां निम्मी आसत. माझी दोन थंय तिचां एक."

"खरां आसा," मथुरा म्हणाली. "तसांच धरा. तुमची दोन, माझां एक."

तन्वीने हिशेब केला. दाजीची दोन झाडं मिळून सतरा-अठरा, तिच्या एका झाडाच्या एकवीस. "तरीपण काकींचां जास्ती," ती म्हणाली, आणि आपण कामावर असताना मालवणीत बोललो हे लक्षात येऊन तिने तक्ता वर उचलला.

"मोकळीक गावली तेचोय फायदो झालो," मथुरा म्हणाली. "माझी झाडां दाट आसती तर इतक्यां झालां नसतां. पण फूल आधी इलां, तां मोकळीकेन नाय इलां."

दाजी उपटलेल्या आपल्या झाडांकडे बघत राहिला. मग त्यातलं एक उचलून त्याने लोंबणारी काळी आरी दोन बोटांत धरली. ती मोडली. दुसरी धरली, तीही मोडली. बांधावर आता सीताही आली होती, खालच्या वाडीतले आणखी दोघे होते. त्यांनी मागच्या वर्षी त्याच्याच ढिगातलं बी नेलं होतं. ते आपल्या शेताकडे बघत होते.

अजय हळूच म्हणाला की बाबा, सगळं राहू दे हवं तर, कलिंगडाचं पुढच्या वर्षी बघू.

"बोललंय तां बोललंय," दाजी म्हणाला. तो टिलरवाल्याकडे वळला. "चालू कर. माझ्या बाजून."

टिलरवाल्याने तंबाखू गालात धरली. "इतक्या हिरव्यार?"

"हिरवां गुरां खातली. पण फुडे मी चलतंय. मी हात करीन थंयसून वळव."

मथुरेला वाटलं तो बांध सांभाळायला पुढे चालतो आहे. टिलर सुरू झाला. दाजी त्याच्यापुढे दहा पावलांवर, पंचा डोक्याला गुंडाळून, मागे न बघता चालत होता. हिरवी झाडं आडवी पडत होती, खालून कोरडी लाल माती वर येत होती. मग एका ठिकाणी दाजी थांबला, हात वर केला आणि वाकून एका झाडाची पानं बाजूला केली. पानांखाली लाल चिंधी होती. तो झाडावर पाय फाकून उभा राहिला. टिलरवाला शिव्या घालत वळला.

"अरे दाजी, सरळ चालूक दी मेल्या. हो टिलर आसा, सायकल नाय."

दाजी पुढच्या झाडापाशी गेला होता. तिथेही त्याने पानं बाजूला केली. एकही चिंधी त्याला शोधावी लागत नव्हती.

दिव्याने सासूकडे बघितलं. मथुरा काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती.

तासाभराने टिलर बंद झाला. दाजीची बाजू उघडी पडली होती आणि तिच्यात अधूनमधून एकेक झाड उभं होतं, प्रत्येकाभोवती हातभर न नांगरलेली जागा. अजय आणि टिलरवाला पडलेला पाला गोठ्याकडे नेण्यासाठी भारे बांधायला लागले. तन्वी रकाना भरून निघाली होती, पण तिची स्कूटर अजून बांधाखालीच होती. ती त्या झाडांकडे बघत उभी होती.

मथुरेने झाडं मोजली. मग पुन्हा मोजली.

"बारा आसत," ती दिव्याला म्हणाली. "मी अकरा बांधलंय."

तिने गोणपाट मागितलं. दिव्याने तिला बसवलं. नांगरलेल्या ढेकळांतून सरकणं ओळीतल्यापेक्षा कठीण होतं. ती प्रत्येक झाडापाशी थांबत, पानं उचलत, पुढे जात राहिली. शेवटचं झाड कुणग्याच्या वरच्या टोकाला होतं, उंच, पसरलेलं. तिने त्याला कधी हातच लावला नसता. पानं उचलली तर खाली चिंधी होती, पण लाल नव्हती. चौकड्यांची होती, पंचाच्या काठाची.

तिने बुंध्याशी बोट घातलं. पाच आऱ्या हाताला लागल्या, सहा लागल्या, मग मोजणं सोडून तिने माती थोडी उकरली. बाहेरच्या पानांनी झाड उंच दिसत होतं, पण आत, बुंध्याशी, ते तिच्याच झाडांसारखं होतं. सगळ्या आऱ्या आत गेल्या होत्या. ती इथून, या झाडाला घासून सरकत गेली होती आणि वरची पानं बघून पुढे निघून गेली होती.

दाजी मागे येऊन उभा राहिला होता. ड्रम उचलून नेण्याच्या निमित्ताने आला असावा, कारण हातात दोरी होती.

"ह्यां तुमका कसां गावलां?" तिने विचारलं.

"गावलां," तो म्हणाला. "उपटू काय तां? चुकलां आसात तर सांग."

मथुरेने उकरलेली माती दोन्ही हातांनी बुंध्याशी परत लोटली आणि तळहाताने दाबली. चौकड्यांची चिंधी सैल झाली होती. तिने ती सोडली, नीट गाठ मारली आणि या वेळी पानांवर आणून बांधली, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी.

"रवांदे," ती म्हणाली. "माका उठवा."

दाजीने दोरी खाली टाकली आणि तिच्या बगलेत हात घातला.